पाटीवरची सरस्वती आणि मिटलेली पोथी



दसरा जवळ आला की महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांतून मुलांच्या पाट्यांवर एक आकृती उमटू लागते. एकाचे आकडे ओळीने मांडायचे, ते रेघांनी एकमेकांना जोडायचे, डावी-उजवी बाजू सारखी राहील एवढी काळजी घ्यायची, की सरस्वती तयार झाली. या सरस्वतीला चेहरा नसतो, हातात वीणा नसते, अंगावर दागिनेही नसतात. अंकलिपीतला पहिला आकडा ज्याला गिरवता येतो त्याला ही देवी काढता येते. पाटीवर हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल आणि आपट्याचे पान ठेवले की पूजा पार पडते. तिला भटजी लागत नाही आणि दक्षिणाही लागत नाही.

नेमक्या याच दिवसांत, शाळांशी ज्यांचा संबंध आहे अशा समाजवादी कार्यकर्त्यांपुढे एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. त्यांपैकी कोणी शिक्षक असतो, कोणी शाळा व्यवस्थापन समितीवर असतो, कोणी नुसता पालक असतो. या पूजेत सामील व्हायचे, की तिला विरोध करायचा? उत्तर बहुधा घाईने दिले जाते. एक पक्ष म्हणतो, निरुपद्रवी रूढी आहे, पोरांचा आनंद आहे, त्यात पडू नये. दुसरा म्हणतो, ही ब्राह्मणी संस्कृतीची खूण आहे, ती शाळेबाहेर गेलीच पाहिजे. दोन्ही पक्षांनी देवीकडे नीट पाहिलेले नसते. म्हणून आधी तिच्याकडे पाहणे जरूर आहे. भूमिकेचा विचार त्यानंतर.

सरस्वती ही मूळची नदी. ऋग्वेदात तिची स्तुती आहे ती प्रामुख्याने पाण्याची, वेगाची, काठच्या समृद्धीची. पुढे ब्राह्मणग्रंथांत तिची वाणीशी एकरूपता सांगितली गेली आणि हळूहळू नदी मागे पडून वाग्देवी पुढे आली. नदी वाळवंटात लुप्त झाल्याची कथा महाभारतापासून सांगितली जाते. ती कोणती नदी, यावरचा वाद आजकाल विद्वानांपेक्षा राजकारणीच अधिक हिरिरीने घालतात. प्रस्तुत प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

संबंध आहे तो एका मूर्तीशी. मथुरेच्या कंकाली टीला येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे उत्खनन झाले, त्यात सरस्वतीची एक दगडी मूर्ती निघाली. ती आज लखनौच्या संग्रहालयात आहे. मूर्तीचे मस्तक तुटून गेले आहे. डाव्या हातात मात्र पोथी स्पष्ट दिसते. वीणा नाही, मोर नाही, हंस नाही. पीठावर कुषाणकालीन लेख आहे, त्यावरून मूर्तीचा काळ इसवी सनाचे दुसरे शतक ठरतो. काळाचा उल्लेख असलेली याहून जुनी सरस्वती अद्याप माहीत नाही. ती वैदिकांची नव्हे, जैनांची आहे. आणि तिचा दाता कोण? राजा नव्हे, श्रेष्ठीही नव्हे. सीहाचा पुत्र गोव नावाचा एक लोहार. सर्व प्राणिमात्रांच्या हितासाठी आणि सुखासाठी हे दान दिल्याचे लेखात कोरले आहे. भट्टीपुढे ज्याचे आयुष्य गेले त्या कारागिराला विद्येची देवी आपली वाटली, तिच्या हाती ग्रंथ असावा असे वाटले, आणि त्याने तो दगडात कोरवून घेतला. सरस्वती ही कोणा एका वर्णाची मिरास आहे असे जे मानतात, आणि जे तेच मानून तिला नाकारतात, त्या दोघांनीही या लोहाराची दखल घ्यावयास हवी.

मग ती मिरास बनली कशी? याचे उत्तर मूर्तीत नाही, पूजाविधीत आहे.

नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन, पूर्वाषाढा नक्षत्रावर पूजन आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन असा विधी धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत सांगितला आहे. देवी म्हणून पूजायचे असतात ते ग्रंथच. ते चौरंगावर मांडायचे, वस्त्र घालायचे, गंधफूल वाहायचे. आणि त्याबरोबर नियम असा की ग्रंथ पूजेत असेपर्यंत शिकवू नये, लिहू नये, वाचू नये. हा अनध्याय. विद्या इच्छिणाऱ्या द्विजश्रेष्ठाला उद्देशून तो सांगितला आहे, हे विसरू नये. ज्याला वर्षाचे उरलेले सर्व दिवस पोथी उघडण्याची मुभा होती, त्याच्यासाठी ही तीन-चार दिवसांची विश्रांती होती. उरलेल्यांसाठी अनध्याय बारमहा होता. वेद कानी पडले तर शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतण्याचा दंड सांगणारे गौतमधर्मसूत्र हे त्या बारमाही अनध्यायाचे शास्त्र होय. दंड किती वेळा अमलात आला हा प्रश्न गौण आहे; तो सांगण्याची गरज भासली, यातच सारे आले.

ग्रंथ मिटवून त्याची पूजा करण्याची रीत केवळ महाराष्ट्रात आहे असे नाही. केरळात दुर्गाष्टमीला पुस्तके पूजेला ठेवतात ती विजयादशमीच्या सकाळीच उचलतात. बंगालमध्ये माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे वसंत पंचमीला, सरस्वतीचा मोठा उत्सव होतो. विद्यार्थी पुस्तके आणि दौत-लेखणी देवीच्या पायाशी ठेवतात, पुष्पांजली होईपर्यंत काही खात नाहीत, पूजेआधी त्या ऋतूतले बोर तोंडात घालत नाहीत, आणि त्या दिवशी अभ्यासाला हात लावत नाहीत. शेवटचा नियम मुले किती भक्तिभावाने पाळत असतील हे सांगायला नकोच!

परंतु याच प्रदेशांत, याच दिवसांत दुसराही एक विधी आहे आणि त्याची दिशा नेमकी उलटी आहे. बंगालमध्ये त्याला हातेखडी म्हणतात, केरळात विद्यारंभ, तेलंगणात अक्षराभ्यास. लहान मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या हाती खडू द्यायचा, किंवा त्याचे बोट धरून तांदळात पहिले अक्षर गिरवून घ्यायचे. गोदावरीच्या काठी बासर येथे ज्ञानसरस्वतीचे देऊळ आहे. नांदेड जिल्ह्याच्या सीमेपासून ते जवळ असल्याने मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे तेथे मुलांना घेऊन जातात. तेथे तिकिटांचे वेगवेगळे दर आहेत, ही गोष्ट वेगळी. जिथे देऊळ तिथे खिडकी आलीच. केरळात मात्र या विधीला आणखी एक वळण मिळाले. मल्याळी भाषेचा आद्य कवी मानल्या जाणाऱ्या एळुत्तच्छनच्या तिरूर येथील स्मारकात, ग्रंथालयांत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, काही ठिकाणी चर्चमध्येसुद्धा विजयादशमीला अक्षरारंभ होतो. निरनिराळ्या धर्मांचे आईबाप मुलांना घेऊन येतात आणि लेखक-शिक्षक त्यांचे बोट धरतात. एम. टी. वासुदेवन नायर यांच्यासारख्या लेखकाने तिरूरला वर्षानुवर्षे हे काम केले. १९९१ साली केरळ संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला, त्याचे श्रेय अर्थातच शाळांना, ग्रंथालयांना आणि चळवळींना जाते, विधीला नव्हे. पण जी रूढी मूठभरांची होती ती त्या चळवळींच्या रेट्याने सर्वांची होऊ शकली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील पाटीपूजनाचा इतिहास असाच पाहावा लागतो. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांच्यावर शेणमाती फेकणारे लोक नवरात्रात सरस्वतीचे आवाहन करणारेच होते. देवी स्त्री आहे, ग्रंथ तिच्या हातात आहे, आणि हाडामांसाच्या मुलीच्या हाती पाटी दिली तर धर्म बुडतो, ही विसंगती त्यांना खटकली नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, ते पाहण्याचाही अधिकार इतरांना नसेल, तर ज्यांना ग्रंथच नाही त्यांचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. मथुरेच्या लोहाराने देवीच्या हाती पोथी दिली होती. मधल्या सतराशे वर्षांत ती पोथी कोठे गेली, हेच जणू ती मुलगी विचारीत होती.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या संदर्भात विशेष बोलके आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करून रानात बिऱ्हाड करावे लागले. त्यांच्या या मुलीचे पांडित्य पाहून १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. जिवंत स्त्रीला देवीचे नाव दिले गेले, टाळ्या पडल्या. पुढे त्याच रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शाळा काढली आणि तिला ‘शारदा सदन’ हे नाव दिले. तोवर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तरीही शाळेसाठी त्यांनी निवडले ते शारदेचेच नाव. सदन पुण्याला आले आणि काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून १८९३ च्या सुमारास गदारोळ उठला. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराच्या त्या वादात रमाबाईंचे काही चुकले की नाही, यावर आजही दोन मते असू शकतात. परंतु विधवांना शिकवणारे दुसरे घर त्या वेळी किती जणांनी उघडले, हा प्रश्न गदारोळ करणाऱ्यांना कोणी विचारला नाही. पदवी देणे सोपे होते, सदन चालवणे कठीण.

विद्येच्या देवीचे आणखी एक रूप आहे, त्याकडे कार्यकर्त्यांचे सहसा लक्ष जात नाही. गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांत दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होते. गुजरातेत त्याला चोपडापूजन म्हणतात आणि शारदापूजन असेही म्हणतात. लक्ष्मीच्या दिवशी शारदेची पूजा, आणि तीही हिशेबाच्या वहीत! हा योगायोग नव्हे. अक्षर हे सत्तेचे साधन आहे हे व्यापाऱ्याला पंडितापेक्षाही चांगले ठाऊक होते. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे हे कुणब्याला वाचता येत नव्हते. तो नुसता अंगठा उठवीत होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. जेथे जेथे उठाव झाला तेथे जमावाची मागणी बहुतेक एकच होती: रोखे बाहेर काढा. सावकार रोखे देत असेल तर त्याच्या अंगाला सहसा हात लागत नसे. कागद मात्र जाळले जात. ज्याला वाचता येत नव्हते त्याने वाचता येणाऱ्याचे शस्त्र ओळखले होते. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्याने शेतकऱ्याचे रोखे ग्रामनिबंधकासमोर करण्याची तरतूद केली, कारण अंगठ्याखालच्या मजकुराची खात्री कोणीतरी करून देणे भाग होते. ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी जोतीरावांनी विद्येच्या अभावापासून सर्वनाशापर्यंतची जी साखळी मांडली, तिच्यामागे सुप्याच्या बाजारातला हा धूर आहे.

एकाच्या आकड्यांची सरस्वती सर्व जातींच्या पाट्यांवर आली ती त्यानंतरच्या लढ्यांमुळे. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्याआधी राजा रविवर्म्याच्या छापखान्याने एक वेगळेच काम करून ठेवले होते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या या छापखान्यातून देवदेवतांच्या स्वस्त रंगीत तसबिरी निघाल्या. शाळांच्या भिंतींवरची वीणाधारी, मोर शेजारी असलेली सरस्वती बव्हंशी त्याच वळणाची आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नव्हते त्यांच्या घरात देव यंत्राने पोचवले. शतकानुशतकांची परंपरा म्हणून जिच्यासाठी आज हमरीतुमरी चालते, ती तसबीर सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरची आहे, हे सांगण्यात काही पाप नाही.

या तसबिरीवरून होणारे वाद मात्र गंभीर आहेत. त्यांतला सर्वांत बोधप्रद वाद जुना आहे. १९२८ साली कलकत्त्याच्या सिटी कॉलेजच्या राममोहन राय वसतिगृहात हिंदू विद्यार्थ्यांनी सरस्वतीपूजा केली. कॉलेज ब्राह्मसमाजीयांचे, मूर्तिपूजा त्यांच्या तत्त्वाविरुद्ध. चालकांनी हरकत घेतली. सुभाषचंद्र बोस विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले, रवींद्रनाथ ठाकूर चालकांच्या. प्रकरण चिघळले, विद्यार्थी कॉलेज सोडून गेले, उत्पन्न घटले, आणि नोकरीवरून कमी झालेल्या अध्यापकांत जीवनानंद दास हा पुढे थोर ठरलेला कवीही होता. डाव्या विचाराच्या माणसाला हे प्रकरण अस्वस्थ करते. कारण विद्यार्थ्यांचे स्वातंत्र्य एका बाजूला होते आणि एका अल्पसंख्य पंथाचे आपल्या संस्थेत आपल्या तत्त्वाने राहण्याचे स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला. संख्या विद्यार्थ्यांकडे होती. संख्या आणि न्याय यांत गल्लत होऊ नये म्हणून रवींद्रनाथांनी लोकप्रियता पणाला लावली. या एका प्रश्नापुरते तरी कवीचे बरोबर होते आणि नेत्याचे चुकले, असेच म्हणावे लागते.

१९९८ साली दिल्लीत राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत सरस्वतीवंदनेवरून अनेक मंत्री सभात्याग करून गेले. २०२१ च्या जानेवारीत नागपूरला कवी यशवंत मनोहर यांनी, व्यासपीठावर सरस्वतीची प्रतिमा असणार म्हणून, विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार नाकारला. २०२२ साली छगन भुजबळ यांनी शाळांत सरस्वतीऐवजी फुले, शाहू, आंबेडकर, कर्मवीर यांच्या प्रतिमा का नकोत, असा प्रश्न विचारला आणि राज्यभर धुरळा उडाला. यांपैकी मंत्र्याचा सभात्याग त्याला बातमी मिळवून देतो, कवीचा नकार त्याच्या प्रतिष्ठेत भर घालतो. पण २०२४ साली राजस्थानात एका सरकारी शाळेतील शिक्षिकेने प्रजासत्ताकदिनाच्या कार्यक्रमात सरस्वतीची तसबीर ठेवण्यास नकार दिला, तिथे सावित्रीबाईंची तसबीर असल्याचे सांगितले, तेव्हा तिच्या वाट्याला निलंबन आले. पक्षाचा कार्यकर्ता बहुधा या शिक्षिकेच्या जागी असतो, मंत्र्याच्या नव्हे. त्याने काय करावे, हा खरा सवाल.

कायदा स्पष्ट आहे आणि तो पाठ असावा. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत होणाऱ्या उपासनेला मुलाने हजर राहावे अशी सक्ती, पालकाच्या संमतीवाचून, करता येत नाही. सक्ती या शब्दाचा अर्थ केवळ छडी असा नाही. वर्गातील सगळी मुले हात जोडून उभी असताना एकट्या मुलीने न जोडता उभे राहणे म्हणजे काय असते, हे मोठ्यांना कळत नाही. म्हणून पूजा हा शाळेच्या अधिकृत कार्यक्रमाचा भाग असू नये, हा आग्रह धरावाच लागेल. आणि तो धरणाऱ्या शिक्षकामागे शाखेने उभे राहावे लागेल, नुसते ठराव करून भागणार नाही.

पण मुलाच्या पाटीवरची आकृती पुसण्यास कोणी जाऊ नये. घरून फूल घेऊन आलेल्या मुलीला तिची चूक ऐकवण्याने प्रबोधन होत नाही. तिची आई कदाचित घराण्यातली पहिली अक्षर गिरवणारी असते, आणि त्या एकाच्या आकड्यांत तिच्यासाठी व्रतवैकल्यापेक्षा शाळेत गेल्याचा अभिमान अधिक असतो. मूर्तिभंजनाचा आवेश अशा वेळी त्या आईवरच पडतो, ज्यांनी तिच्या आजीला शाळेबाहेर ठेवले त्यांच्यावर नाही.

तसबीर बदलण्याच्या सूचनेबद्दलही थोडे सावध राहिलेले बरे. सावित्रीबाईंचे चित्र शाळेत असलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. ३ जानेवारीला ते दिसतेही. मात्र त्या चित्राला हार घालून, उदबत्ती लावून, पाया पडून मुले वर्गात परततात असे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. ज्या बाईने शेणाचे गोळे झेलून शिकवले तिचीही देवी झाली, तर पोथी पुन्हा मिटलीच.

जैनांमध्ये कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी पाळतात. त्या दिवशी ग्रंथभांडारातील हस्तलिखिते बाहेर काढतात, धूळ झाडतात, पूजतात. पावसाळ्यात ओल आणि कसर लागलेली असते, ती पाहून ग्रंथ जपण्याची ही वेळ. हजारो पोथ्या त्या रीतीमुळे टिकल्या. पूजा आणि ग्रंथालयाची निगा ही कामे तिथे एकच झाली होती.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. जिथे जिथे पक्षाचे कार्यकर्ते किंवा सहानुभूतीदार या समित्यांवर आहेत, तिथे त्यांनी दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत एक विषय लेखी द्यावा. शाळेतील पुस्तकांचे कपाट बैठकीपुढे उघडावे, त्याची किल्ली कोणाकडे असते ते विचारावे, आणि पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही मागवून शेवटचे पुस्तक कोणत्या मुलाने, कोणत्या तारखेला नेले ते सर्वांसमक्ष वाचून दाखवण्यास सांगावे.